मोनोरेल जुनी झाली म्हणून अडकते का? डिस्नेची गाडी, माथेरानची राणी आणि चेंबूरचा पाऊस

19 ऑगस्ट 2025 ची संध्याकाळ. मुंबईत धो धो पाऊस, हार्बर लाईन बंद. घरी निघालेली माणसं मिळेल त्या वाहनाकडे वळली आणि एरवी मोकळी धावणारी मोनोरेल त्या दिवशी तुडुंब भरली. सव्वासहाच्या सुमारास ती म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये थांबली, ती थांबलीच. वीज गेली, एसी बंद पडला, लोक गुदमरायला लागले. शेवटी अग्निशमन दलाने शिड्यांच्या गाड्या लावून 582 जणांना खाली उतरवलं. त्यात काही तास गेले.

महिनाभरात, 15 सप्टेंबरला, मोनो पुन्हा अडकली. या वेळी आत फक्त 17 प्रवासी होते. 20 सप्टेंबरपासून सेवाच थांबवण्यात आली. कारण सांगितलं ते असं, की नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवायची आहे.

सोशल मीडियावर तेव्हा एकच सूर होता, "ही जत्रेतली गाडी आहे, शहरात आणायलाच नको होती." टोमणा म्हणून ठीक आहे, पण गंमत अशी की इतिहास म्हणूनही त्यात बरंच तथ्य आहे.

ही गाडी आली कुठून?

काँक्रीटच्या एकाच तुळईवर, घोड्यावर मांड टाकावी तशी बसणारी ही गाडी. रबरी टायर वर धावतात, बाजूचे टायर तुळईला धरून राहतात आणि वीज तुळईच्या कडेला बसवलेल्या पट्टीतून घेतली जाते. हे तंत्र जर्मनीत अल्वेग नावाच्या कंपनीने विकसित केलं. अॅक्सेल लेनार्ट वेनर-ग्रेन या स्वीडिश उद्योगपतीच्या नावाची अद्याक्षरं म्हणजे अल्वेग. 1959 मध्ये वॉल्ट डिस्नेने ती कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये आणली आणि जगाला मोनोरेल माहीत झाली ती एक खेळ म्हणून. 1962 मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात ती धावली. 1971 मध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये तर हॉटेलं आणि उद्यानं जोडणारी मुख्य वाहतूकच ती झाली.

मुंबईची मोनो याच कुळातली. चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा फेब्रुवारी 2014 मध्ये सुरू झाला आणि वडाळा ते संत गाडगे महाराज चौक हा दुसरा मार्च 2019 मध्ये. साधारण 20 किलोमीटर, 17 स्थानकं, खर्च सुमारे 3,000 कोटी रुपये.

आता वयाचं बघू. सिएटलमध्ये 1962 च्या दोन गाड्या आजही धावतात, साठी ओलांडून. त्यांतल्या एकीला 2004 मध्ये आग लागली. 2005 मध्ये दोन्ही गाड्या एका वळणावर एकमेकींना घासल्या. तरी दुरुस्ती होऊन त्या परत आल्या. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या सध्याच्या गाड्या 1989 पासूनच्या आहेत आणि त्यांच्या बिघाडांवर पर्यटक वर्षानुवर्षं कुरकुर करत असतात. आपली मोनो मात्र अकराव्या वर्षीच दमली. म्हणजे फक्त वयाकडे बोट दाखवून भागणार नाही.

पाच टनांची गोष्ट

19 ऑगस्टच्या घटनेचं अधिकृत कारण वजनाचं होतं. गाडीची क्षमता 104 टनांची आणि त्या संध्याकाळी भार गेला 109 टनांवर. त्यामुळे गाडीचा आणि वीज पुरवणाऱ्या पट्टीचा संपर्क तुटला, असं एमएमआरडीएने सांगितलं.

पाच टन म्हणजे किती? सरासरी 65 किलोचा माणूस धरला तर 75 ते 80 माणसं. टक्क्यांत पाचही नाही. मुंबईची लोकल रोज क्षमतेच्या कितीतरी पट माणसं वाहते आणि त्या शहरात पाच टक्के जादा भाराने हवेत लटकणारी गाडी आपण चालवत होतो. ती तशी असायलाही हरकत नाही. हलकी गाडी हलकीच राहणार. पण मग दारातच माणसं मोजून सोडावी लागतात, आणि इथेच जत्रा आणि शहर यातला फरक सुरू होतो.

डिस्नेच्या फलाटावर रांग असते, फाटक असतं, आत किती सोडायचे ते कर्मचारी ठरवतो. ज्याला पुढची गाडी मिळते त्याचा दिवस बिघडत नाही. गाडी बंदच पडली तर बस आहे, बोट आहे. चेंबूरला लोकल बंद असताना फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला "पुढच्या गाडीने या" सांगणं वेगळं, त्यातून पुढची गाडी पंधरा मिनिटांनी असेल तर आणखीच वेगळं.

पनवेल, खारघर, ओवे भागातल्या वाचकांना हा फरक घराजवळच दिसेल. शेजारच्या कर्जत तालुक्यात माथेरानची राणी आहे, 1907 पासूनची. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा घाटाचा भाग बंद ठेवतात. 2016 च्या मे महिन्यात डबे दोनदा घसरल्यावर ती थांबवली होती. 2019 च्या पावसात मार्ग उखडला, तर नेरळहून गाडी परत सुरू व्हायला 22 ऑक्टोबर 2022 उजाडला. पर्यटक हळहळले, माथेरानमधल्या व्यावसायिकांना झळ बसली, पण नेरळच्या बाजूने कुणाची नोकरीची वेळ चुकली नाही. सहलीची गाडी पावसाळ्यात सुट्टी घेऊ शकते. कामावर नेणारी गाडी नेमकी पावसाळ्यातच लागते.

डिस्नेलाही हे चुकलेलं नाही

1985 मध्ये फ्लोरिडात धावत्या मोनोरेलच्या शेवटच्या डब्याला आग लागली. लोकांनी खिडक्या फोडल्या, बाहेरून चढून छप्पर गाठलं आणि तिथून अग्निशमन दलाने त्यांना उतरवलं. चाळीस वर्षांनी चेंबूरला जे झालं त्याच्याशी ताडून बघा. मोनोची खरी मेख इथे आहे. गाडी थांबली की उतरायला जागाच नसते.

खारघरमधून बेलापूर ते पेंधर धावणारी नवी मुंबई मेट्रो (17 नोव्हेंबर 2023 पासून) वर बघितलीत तर तिच्याखाली सलग पूल दिसेल. गाडी अडकली तर वीज बंद करून लोकांना त्या पुलावरून पुढच्या स्थानकापर्यंत चालवत नेता येतं. मुंबईच्या मोनोखाली फक्त तुळई आहे. दुसरी गाडी येऊन ओढून नेईल, हा पहिला उपाय. तो 19 ऑगस्टला फसला. मग उरली शिडी.

2009 मध्ये डिस्ने वर्ल्डमध्ये रात्री दोन गाड्यांची टक्कर होऊन 21 वर्षांचा चालक गेला. अमेरिकेच्या तपास यंत्रणेला त्यात झिजलेला लोखंडी भाग सापडला नाही. मार्ग बदलणारी तुळई योग्य जागी आणली गेली नव्हती, ती आली की नाही हे तपासलं गेलं नव्हतं आणि गाडी त्याच मार्गावर उलटी आली. म्हणजे चूक कामाच्या पद्धतीत होती.

मुंबईचा आजारही बराचसा असाच आहे. गाड्या पुरवणारी मलेशियाची स्कोमी कंपनी आर्थिक अडचणीत सापडली. 9 नोव्हेंबर 2017 ला पहाटे म्हैसूर कॉलनीजवळ रिकाम्या मोनोचे दोन डबे जळाले आणि सेवा 1 सप्टेंबर 2018 पर्यंत बंद राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एमएमआरडीएने स्कोमीचं कंत्राट रद्द करून कारभार हातात घेतला. तेव्हा चालू गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि सुटे भाग बनवणारी मूळ कंपनीच डळमळीत. बाजारात दुसरीकडे मिळावेत असे हे भाग नाहीत. गाड्या कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून पैसा नाही. या चक्रात चांगली गाडीही लवकर म्हातारी होते.

आता हैदराबादच्या मेधा कंपनीच्या 10 नव्या गाड्या आणि गाड्यांमधलं अंतर आपोआप सांभाळणारी सिग्नल यंत्रणा येते आहे. दोन फेऱ्यांमधला वेळ 15 मिनिटांवरून 5 मिनिटांवर आणायचा आहे. हे खरंच झालं तर मोठा फरक पडेल, कारण गर्दीच विभागली जाईल. पण 5 नोव्हेंबर 2025 ला वडाळा डेपोजवळ चाचणी सुरू असताना एक गाडी तुळईवरून कलली. सुदैवाने आत प्रवासी नव्हते. आणि गाडी जुनी नव्हती, नवीच होती.

म्हणून उद्घाटनाच्या फिती कापल्या जातील तेव्हा रंगसंगती आणि सेल्फी पॉइंट सोडून वेगळं काही विचारायला हवं. 104 टनांचा काटा गाठला की फलाटावरचं फाटक कोण बंद करणार, आणि बंद केल्यावर बाहेर राहिलेल्यांसाठी बेस्टची बस तयार असेल का? वडाळा डेपोत किती महिन्यांचे सुटे भाग आहेत? अडकलेली भरलेली गाडी रिकामी करण्याचा सराव पावसात, अंधारात झाला आहे का? 19 ऑगस्टला खाली शिडीची गाडी उभी करायला रस्ता होता. वीस किलोमीटरमध्ये असा रस्ता कुठे कुठे नाही, याचा नकाशा मोनो चालवणाऱ्यांकडे असला पाहिजे आणि तो प्रवाशांनाही बघता आला पाहिजे.