साखर नको, पण मध चालेल?

“भैया, साखर नको हं!” असं ज्यूस सेंटरवर बजावून सांगणारी गिऱ्हाइकं आता गल्लोगल्ली दिसतात. मिक्सरच्या भांड्यात अख्खी दोन केळी पडतात, दूध पडतं, वर प्रोटीन पावडरीचा चमचा. मग पोऱ्या सहज विचारतो, “मध चालेल ना?” गिऱ्हाईक खुशीत मान डोलावतं. पुढच्या दाराने घालवलेली साखर मागच्या दाराने आत येते ती अशी.

मध आणि गुळावर मराठी माणसाची फार श्रद्धा. रक्तातल्या साखरेला मात्र तिचा पत्ता नसतो. मधाचा जवळजवळ ८० टक्के भाग साखरच असतो. मोठा चमचाभर मध घातला की सतराएक ग्रॅम साखर पेल्यात उतरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं असं सुचवलं, तेव्हा मध आणि फळांचा रसही त्याच हिशेबात धरला होता. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा तर फळांचा रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिली पुरे म्हणते. आपल्याकडचा पेला त्याच्या दुप्पट असतो.

पावडरीच्या डब्याचंही तेच. पुढे ‘नो अ‍ॅडेड शुगर’, मागे बारीक अक्षरात माल्टोडेक्स्ट्रिन. ही पिठुळ वस्तू लेबलवर साखरेच्या रकान्यात येत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने चढवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये अशा पावडरी टाळायला सांगितलं आहे. त्यांच्याच हिशेबाने साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात. (मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आपला आकडा डॉक्टरांनाच विचारावा.)

मग घरात काय आहे? शिकरण आहे, पण वाटीभर शिकरणात प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम. बाकी केळं आणि साखर. सातूचं पीठ त्याहून कामाचं, फक्त ते कालवताना गुळाचा खडा आपसूक पडतो.

त्यापेक्षा पंढरपुरी डाळं घ्यावं. दोन मोठे चमचे डाळं आणि चमचाभर भाजलेले शेंगदाणे आधी कोरडेच फिरवावेत. दुधात टाकून फिरवले की घोटाघोटाला रवाळ लागतात. मग अर्धी वाटी चक्का, अर्धं पिकलं केळं आणि शेवटी दीडशे मिली थंड दूध. चक्क्याचे आठ-दहा ग्रॅम, दुधाचे पाच, डाळ्या-शेंगदाण्याचे सहा-सात, म्हणजे विशीच्या आसपास प्रथिनं झाली. मिक्सर अर्ध्या मिनिटात बंद करावा. सायीचं दूध असेल आणि हात बटणावरच राहिला, तर वर लोण्याचे कण तरंगू लागतात.

बर्फ नको. जीभ गार पडली की गोडी कमी कळते, म्हणूनच दुकानातल्या थंडगार पेल्यात साखर सढळ हाताने पडते. त्याऐवजी वेलची आणि चिमूटभर मीठ. तरी पहिले काही दिवस हे प्रकरण फिकं लागणारच. अगदीच घशाखाली उतरेना तर अर्ध्याचं पाऊण केळं करावं. मधाची बाटली मात्र फडताळातून बाहेर काढू नये.