बंदुकीचा आवाज दाबावा का?



पापड-लोणची आणि व्रत-उपवासांवर लिहिणारी ही बाई आज बंदुकीकडे कुठे वळली, असे तुम्हाला वाटेल. पण आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. तिथे 1 जानेवारी 2026 पासून बंदुकीच्या सायलेन्सरवरचा 200 डॉलरचा केंद्रीय कर शून्य झाला आहे. 42 राज्यांत सामान्य नागरिकाला सायलेन्सर बाळगता येतो, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्याच राज्यांत तो लावून शिकारही करता येते. आपली मुले तिथे नागरिक झाली, मतदान करू लागली. उद्या त्यांनी विचारले, "आई, यात आपले मत काय असावे?" तर "आपल्याला काय करायचंय?" एवढे उत्तर पुरणार नाही.

माझे मत आधीच सांगते. शिकाऱ्याला सायलेन्सर वापरू देऊ नये. आता कारणे.

हे यंत्र हायरम पर्सी मॅक्सिम यांनी बनवले आणि 1909 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यांच्या वडिलांनी मशीनगन शोधली होती. 1934 मध्ये अमेरिकेने कायदा करून सायलेन्सरची नोंदणी सक्तीची केली आणि त्यावर 200 डॉलर कर लावला. मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे माझी नजर आकड्याकडे जाते. त्या काळचे 200 डॉलर म्हणजे आजचे चार हजारांहून जास्त. तिजोरी भरण्यासाठी असा कर लावत नाहीत. लोकांनी वस्तू घेऊ नये म्हणून लावतात, जसा आपल्याकडे तंबाखूवर असतो. नंतर महागाई वाढत गेली आणि कराचा आकडा तोच राहिला, म्हणजे त्याची धार आपोआप बोथट झाली. आता तो शून्यच केला. नोंदणी अजून आहे, पण तीही काढा अशी मागणी आहेच.

समोरच्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे, अनेकान्त मानणाऱ्यांनी तर नक्कीच. ते म्हणतात, रायफलीचा बार साधारण 160 डेसिबलचा असतो. एका बारानेही कानाला कायमची इजा होऊ शकते. सायलेन्सरने आवाज 20 ते 35 डेसिबलने कमी होतो. सिनेमात दाखवतात तसा नुसता "फुस्स" आवाज येत नाही, बार ऐकू येतोच. शिकारी कुत्र्यांचे कान वाचतात, आसपासच्या घरांना त्रास कमी होतो. बंदुकीचा धक्का कमी बसल्याने नेम चांगला लागतो आणि जनावर तडफडत नाही. नॉर्वे, फिनलंडमध्ये तर शिकाऱ्याने सायलेन्सर लावणे ही शेजाऱ्यांची कदर समजली जाते.

यातले बरेचसे खरे आहे. पण माणसाच्या कानांसाठी कानावरची संरक्षक टोपणे मिळतात, आणि हळू आवाज मोठा करून बाराचा आवाज तेवढा अडवणारी इलेक्ट्रॉनिक टोपणेही मिळतात. नेम सरावाने सुधारतो. नॉर्वेचे उदाहरण द्यायचे तर पूर्ण द्यावे: तिथे परीक्षा पास झाल्याशिवाय शिकारीला जाता येत नाही आणि बंदुकीसाठी पोलिसांचा परवाना लागतो. त्यातला सायलेन्सर तेवढा उचलायचा आणि परीक्षा तिथेच ठेवायची, हा हिशोब बरोबर नाही.

मुख्य मुद्दा आवाजाच्या उपयोगाचा आहे. माझी लेक पेनसिल्व्हेनियात राहते. नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा हंगाम आला की तिकडच्या पुष्कळ शाळा सोमवारी बंद असतात. शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपड्यांची सक्ती आहे. कशासाठी? माणूस दुसऱ्याला लांबून दिसावा म्हणून. डोळ्यांना जसा तो नारिंगी रंग, तसा कानांना बार. नातीला घेऊन झाडीतल्या वाटेने फिरणाऱ्या माझ्या लेकीला बार ऐकूनच कळते की आज इथून मागे फिरायचे. आवाज मंद झाला की तो कमी अंतरापर्यंत ऐकू येतो आणि कुठल्या दिशेने आला तेही पटकन समजत नाही.

जंगल राखणाऱ्यांनाही कानांचाच आधार असतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तरी काझीरंगात गेंडे मारणाऱ्या टोळ्यांकडे सायलेन्सर लावलेल्या रायफली सापडल्या आहेत. त्यांना स्वतःच्या कानांची काळजी होती का? वनरक्षकाला बार ऐकू जाऊ नये, एवढीच काळजी होती. माणसांच्या बाबतीतही तेच. 31 मे 2019 रोजी व्हर्जिनिया बीच इथे एका सरकारी इमारतीत गोळीबार झाला, 12 जणांचा जीव गेला. मारेकऱ्याच्या पिस्तुलाला सायलेन्सर होता. सगळे शिकारी असे असतात असे मी मुळीच म्हणत नाही. पण जी वस्तू बाजारात सहज मिळू लागते, ती घेणाऱ्याचे मन बघून मिळत नाही.

आता आपल्या धर्माकडे येते. शिकार हे सप्तव्यसनांपैकी एक, आणि जाणूनबुजून केलेली म्हणून संकल्पी हिंसा. स्वयंपाकात, शेतीत नाइलाजाने होते तशी ती नाही. मग काही जणी विचारतील, "आपल्याला शिकारच मान्य नाही, तर बंदूक आवाज करो की न करो, फरक काय?" फरक आहे. अनर्थदंडात हिंसादान सांगितले आहे: हिंसेचे साधन दुसऱ्याच्या हाती देणे. आणि पाप नुसते करण्यात नसते, करविण्यात आणि अनुमोदनेतही असते. हिंसा सोपी करणाऱ्या वस्तूला "असू दे की" म्हणणे ही अनुमोदनाच झाली.

आणि नेमिनाथ भगवंतांची कथा आठवा. राजुलशी विवाहासाठी वरात निघाली होती. मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला, त्यांनी सारथ्याला कारण विचारले आणि तिथूनच पाठ फिरवून ते गिरनारकडे गेले. करुणा जागी झाली ती कानांतून. ते पशू वरातीच्या वाटेपासून दूर, आवाज येणार नाही असे कोंडले असते तर? भगवंतांचे वैराग्य अडले नसते, हे मी जाणते. पण आपण साधी माणसे. आपल्याला ऐकू आले तरच कळवळा येतो. एक जीव गेला हे चार लोकांना ऐकू येणे, मारणाऱ्याच्याही छातीत धस्स होणे, ही एक मर्यादा आहे. ती काढून टाकू नये.

तेव्हा मुलांनी विचारले तर मी एवढे सांगेन: शेजारच्या शिकाऱ्याचा तिरस्कार करू नका, तो वाईट माणूस आहे असे समजू नका. त्याच्या कानांची काळजी जरूर करा, टोपणे वापर म्हणावे. पण सायलेन्सर सोपा आणि स्वस्त करण्याला तुमचे मत देऊ नका, आणि जी नोंदणी उरली आहे ती टिकावी यासाठी आपल्या लोकप्रतिनिधीला चार ओळींचे पत्र लिहा. तेवढे तर घरबसल्या होते.

तुमच्या मुलांशी यावर बोलणे झाले तर ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा. वेगळे मत असेल तर तेही कळवा.

जय जिनेंद्र.