टॉनिकची बाटली आणि चार मुठी बियाणे

परवा दवाखान्यात एक बाई आल्या. चालताना धाप लागते, पायात गोळे येतात, अशी तक्रार. हिमोग्लोबिन ८. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "आठवड्यातून पालेभाजी किती वेळा होते?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, जुडीचा भाव बघता ना तुम्ही? झालीच तर आधी पोरांच्या ताटात." त्यांच्या हातात मात्र कोणीतरी सुचवलेल्या महागड्या टॉनिकची रिकामी बाटली होती!

ही एका घराची कथा नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. परसबाग लावा म्हटले की लोक म्हणतात, "त्यालाही पैसे लागतात." खरे आहे. रंगीत कुंड्या, पिशवीतली माती आणि चकचकीत पाकिटे घेत बसलो तर भाजी सोन्याच्या भावाने पडेल. पण यातले बहुतेक घेण्याची गरजच नाही.

वाचकहो, बियाणे आपल्या स्वयंपाकघरातच आहे. डब्यातली मेथी रात्रभर भिजवून पेरा, तीन-चार आठवड्यांत भाजी खुडता येते. धने हलक्या हाताने रगडून दोन फाळी करून पेरा. मोहरीचा पालाही भाजीला चालतो. बाजारातल्या पुदिन्याच्या जाड काड्या मातीत खोचल्या की मुळे धरतात. शेवग्याची फांदी शेजाऱ्याकडून मागून आणा. ती फुकट मिळते आणि तिचा पाला वर्षानुवर्षे पुरतो. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या विक्री केंद्रात भाजीपाल्याच्या बियाण्याची चौकशी करा. मागताना 'सरळ वाण' मागा. संकरित वाणाचे बी घरी धरले तर पुढच्या खेपेस तसेच पीक येत नाही, दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केले. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाणी जपली, इतरांना वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या आज्याही वाळल्या दुधीतले बी राखेत घालून मडक्यात ठेवत आणि लेकी-सुनांना वाटत. ती देवघेव आपण सोडली आणि मग भाव वाढल्याची तक्रार करू लागलो.

कुंडीऐवजी तेलाचा डबा घ्या, तळाला भोके पाडा. माती, कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा एवढे पुरे.

आता डॉक्टर म्हणून चार गोष्टी. कीटकनाशकाचा किंवा रंगाचा डबा कितीही धुतला तरी भाजीसाठी वापरू नका. दुकानातले लाल, गुलाबी, निळ्या रंगाचे बी औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि उरले म्हणून शिजवू तर मुळीच नका. मातीत अनवाणी उतरू नका. उघड्यावर शौच होते तिथल्या मातीतला आकडी जंत तळपायातून शरीरात शिरतो आणि आतड्यातले रक्त शोषतो. रक्त वाढवायला लावलेली बागच मग रक्त कमी करील! कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून ती घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूच्या डासांना घर मिळेल.

आणि एक स्पष्ट सांगतो. हिमोग्लोबिन ८ असताना नुसत्या मेथीने भागत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. पालेभाजीतले लोह अंगी कमी लागते, म्हणून भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. गोळ्यांनी भरून निघालेली झीज पुन्हा होऊ नये, यासाठी रोजचे ताट सुधारायचे आहे.

माझे मत असे, की ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक अंगणवाडीतून चार मुठी बियाणे वाटावे. हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटण्यापेक्षा बायकांनी बियांच्या पुड्या लुटाव्यात.

त्या बाईंना मी गोळ्यांबरोबर घरच्या शेवग्याची फांदी दिली. टॉनिक लिहून दिले नाही.