मुलांना तुरुंगात भेटीला न्यावे का?



साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आपण वर्गात केवढ्या अभिमानाने सांगतो! टिळकांचे मंडालेही तसेच. पण ओळखीच्या घरातले कोणी फसवणुकीसाठी किंवा दारू पिऊन गाडी चालवली म्हणून आत गेले, की आपला आवाज खाली येतो. मुलांना सांगितले जाते, “बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत.”

मला हे पटत नाही. बाहेरगावी गेलेले बाबा वाढदिवसालाही का येत नाहीत, याचे उत्तर मूल आपले आपणच शोधते, आणि बहुधा ‘मी काहीतरी चुकलो म्हणून’ असेच शोधते. त्यापेक्षा आईने खरे सांगावे. आणि मूल भेटायला मागत असेल तर न्यावे.

महाराष्ट्रात तुरुंगातल्या भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. ती बहुतेक वेळा जाळीच्या किंवा काचेच्या पलीकडून. गेल्या दशकात तिथल्या कारागृह विभागाने नागपूर, येरवडा अशा ठिकाणी ‘गळाभेट’ सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या आईबापांना मुलांना जवळ घेता आले. नाव किती नेमके ठेवले आहे पाहा.

आपल्याला तर सिल्व्हरवॉटर जवळच. कैद्यांच्या मुलांसाठी 1982 पासून काम करणारी ‘शाइन फॉर किड्स’ ही संस्थाही इथलीच. तिची मदत घेण्यात कमीपणा नाही. भेटीची वेळ आधी ठरवावी लागते, मोठ्यांना ओळखपत्र लागते. मुलाला घरीच, मराठीत, सगळे सांगून ठेवा: पिशवी आणि मोबाइल बाहेर राहील, तपासणी होईल, कदाचित वास घेणारा कुत्रा असेल, बाबांचे कपडे वेगळे असतील. आणि परत निघताना बाबा आपल्याबरोबर येणार नाहीत. हे शेवटचे दोनदा सांगा. रडू येते ते तिथेच.

ज्याने मुलाला किंवा त्याच्या आईला मारहाण केली, त्याच्याबद्दल मी बोलत नाही. तिथे कोर्ट आणि जाणकार सांगतील तेच खरे. मूल नको म्हणाले तरी ओढून नेऊ नये. चित्र पाठवावे, पत्र पाठवावे; 2020 च्या कोविडपासून व्हिडिओवरही भेटता येते.

राहिले ‘लोक काय म्हणतील?’ घरफोडीची शिक्षा होऊन 1788 मध्ये इथे आलेल्या जेम्स रूसला गव्हर्नर फिलिपने पुढच्याच वर्षी कसायला जमीन दिली. 1793 मध्ये ती सर्जन जॉन हॅरिसने विकत घेतली. आपल्या हॅरिस पार्कचे नाव त्याच्यावरून पडले. त्या कैद्याच्या शेताच्या जागेवरचे एक्सपेरिमेंट फार्म कॉटेज पाहायला आता लोक तिकीट काढून जातात!

भेटीमुळे आपला तास बुडत असेल तर कारण लिहून द्यायची गरज नाही. त्या आठवड्याचा गृहपाठ मी बाजूला काढून ठेवीन.