आयत्या वेळी बदललेली मैफल

पनवेलमध्ये ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवाचा मांडव, चित्रपटगीते आणि विनोदी निवेदक उभे राहतात. या शब्दाचा दुसरा अर्थ असा: सत्तर-ऐंशी वादकांनी समोरच्या लिखित स्वरलिपीवरून एकत्र वाजवलेले पाश्चात्त्य अभिजात संगीत. मुले व्हायोलिन किंवा पियानो शिकू लागली की हा अर्थही घरात ओळखीचा होतो, आणि कधीतरी एकदा सर्वांनी मिळून सिम्फनी ऐकावी असा विचार पुढे येतो. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नरिमन पॉइंट येथील ‘एनसीपीए’, म्हणजे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, येथे २००६ साली खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव यांनी ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ स्थापन केला. सप्टेंबर आणि फेब्रुवारीच्या सुमारास त्याचे मुख्य हंगाम होतात. जानेवारी २०२४ मध्ये २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाल्यापासून पनवेलकरांना दक्षिण मुंबई पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. हार्बर मार्गावरची लोकल तर आहेच.

अशा मैफलीची तिकिटे बरीच आधी काढावी लागतात. एखाद्या घरात पाच तिकिटे येतात. सायंकाळी सातच्या सुमारास कार्यक्रम असला तर चौविहार पाळणाऱ्यांचे भोजन सूर्यास्तापूर्वी कुठे उरकायचे, याचाही हिशेब बसवला जातो, कारण त्या दोन्ही हंगामांत मुंबईचा सूर्यास्त साडेसहा ते पावणेसातच्या आसपास असतो. दुकान कोणी सांभाळायचे, आजोबांना गाडीत पुढे बसवायचे की मागे, हेही ठरते. आणि मग मैफलीच्या आठ-दहा दिवस आधी आयोजकांची सूचना येते: प्रकृतीच्या कारणामुळे नियोजित संचालक येऊ शकत नाहीत, त्यांच्या जागी दुसरे संचालक वाद्यवृंद सांभाळतील, आणि त्यामुळे कार्यक्रमातही थोडा बदल आहे.

मग घरात तीन मते निघतात. ज्यांनी त्या नामांकित संचालकासाठीच तिकिटे काढली, त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. ज्या मुलीने विशिष्ट व्हायोलिन कॉन्चेर्टो महिनाभर ऐकून ठेवला आहे, तिचे डोळे भरून येतात. आणि हिशेबी मंडळी विचारतात, पैसे परत मिळतील काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिकिटावरच बारीक अक्षरांत छापलेले असते. कलाकार आणि कार्यक्रम यांत बदल करण्याचा अधिकार आयोजक सर्वसाधारणपणे स्वतःकडे राखून ठेवतात, आणि परतावा बहुतेक वेळा कार्यक्रम रद्द झाला तरच मिळतो. व्यवहाराची बाजू तिथे संपते. उरलेल्या दोन तक्रारी मात्र पैशांच्या नाहीत. वचन नेमके कशाचे दिले होते, हा त्यांतला खरा प्रश्न आहे, आणि पेढीवर बसणाऱ्या माणसाला तो सहज समजावा.

महाराष्ट्रातील रसिकाला या प्रश्नाची एक बाजू उत्तम ठाऊक आहे. १९५३ साली पुण्यात सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारा श्रोता कलाकाराचे नाव पाहून जातो. तो कोणता राग गाणार, हे त्याला आधी कळत नाही, आणि त्याची तशी अपेक्षाही नसते. वेळ, मनःस्थिती आणि समोरची बैठक पाहून गायक राग निवडतो. तिथे माणूस ठरलेला असतो आणि रचना मोकळी असते. सिम्फनीच्या जगात हे नेमके उलटे आहे. तिथे रचना महिनोन्‌महिने आधी छापलेली असते. बीथोव्हेनची पाचवी म्हटले की पाचवीच, आणि तीत वादकाने स्वतःचा एकही स्वर मिसळायचा नसतो. नाटकाची रीत या दोहोंच्या मधली आहे. पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात नाटक पाहणाऱ्याला बदली नटाची कल्पना नवी नाही. नट बदलला तरी संहिता तीच राहते. संचालक आणि कार्यक्रम दोन्ही बदलले म्हणजे मात्र श्रोत्याला वाटते, आता उरले तरी काय?

उरतो तो वाद्यवृंद. हे उत्तर वरवर साधे वाटले, तरी त्याचे वजन समजण्यासाठी असा बदल आतून कसा घडतो ते पाहायला हवे.

संचालक स्वतः एकही स्वर वाजवत नाही. लय किती ठेवायची, कोणत्या वाद्यगटाने पुढे यायचे, कोणी दबून राहायचे, हे तो तालमींत ठरवतो आणि मैफलीत हाताने सांगतो. या तालमी फार नसतात. एका कार्यक्रमासाठी साधारणपणे तीन-चार दिवसच मिळतात. एवढ्या वेळात क्वचित वाजणारी, अवघड रचना बसवायची तर संचालकाला ती आधीपासून पाठ असावी लागते. बदली संचालक विमानातून उतरून थेट तालमीला येणार असेल आणि ती रचना त्याने कधी हाताळली नसेल, तर ती बळेच वाजवण्यापेक्षा त्याच्या आणि वादकांच्याही हातात बसलेली रचना घेणे शहाणपणाचे ठरते. म्हणून बदललेल्या कार्यक्रमात बीथोव्हेन, ब्राम्स, द्वोर्झाक ही परिचित नावे अनेकदा दिसतात. त्यात आळस नसतो. अपुऱ्या तयारीचा माल ग्राहकापुढे न ठेवण्याचा तो विवेक आहे. शिवाय रचना बदलली की नव्या स्वरलिपीच्या प्रती मिळवाव्या लागतात, प्रत्येक तंतुवादकाच्या प्रतीवर गज वर न्यायचा की खाली याच्या खुणा कराव्या लागतात, वादकांची संख्याही नव्याने जुळवावी लागते. श्रोत्याला दोन ओळींची सूचना मिळते. पडद्याआड मात्र अनेकांची रात्र जागी असते.

या विषयाचा सर्वांत मोठा दाखला मुंबईच्याच एका सुपुत्राचा आहे. झुबिन मेहता यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली होती. मुलाने डॉक्टर व्हावे असा घरचा विचार होता, आणि झुबिन यांनी वैद्यकीय अभ्यासाची वाट धरलीही होती. पण ती सोडून १९५४ साली ते व्हिएन्नाला गेले आणि हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालनाचे शिक्षण घेऊ लागले. १९५८ मध्ये लिव्हरपूल येथील संचालकांची स्पर्धा त्यांनी जिंकली. तरीही मोठ्या वाद्यवृंदाने आपण होऊन बोलवावे, एवढे नाव अजून झाले नव्हते.

ते नाव झाले दुसऱ्यांच्या रिकाम्या झालेल्या जागांवर. १९६० साली माँट्रियल येथे ईगोर मार्केविच आजारी पडले आणि त्यांच्या जागी चोवीस वर्षांच्या मेहतांना उभे करण्यात आले. १९६१ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस येथे फ्रिट्झ रायनर यांच्या आजारपणामुळे पुन्हा तसेच घडले. त्याच वर्षी इस्रायल फिलहार्मोनिकला युजीन ऑर्मंडी यांच्याऐवजी संचालक हवा होता. तिथेही मेहताच गेले. या तीनही ठिकाणी श्रोत्यांनी तिकिटे काढली होती ती दुसऱ्याच नावासाठी. पुढे काय झाले? माँट्रियलने त्यांना आपले संगीत संचालक केले, आणि १९६७ पर्यंत ते तिथे राहिले. लॉस एंजेलिसचे संगीत संचालकपद १९६२ पासून १९७८ पर्यंत त्यांच्याकडे होते. इस्रायल फिलहार्मोनिकशी जडलेले नाते तर २०१९ मधील निवृत्तीपर्यंत टिकले. आज जगभर ज्यांच्या नावावर सभागृहे भरली, त्यांना त्या संध्याकाळी अनेक श्रोत्यांनी ‘बदली माणूस’ म्हणूनच पाहिले असणार.

न्यूयॉर्कमध्ये १४ नोव्हेंबर १९४३ रोजी असेच घडले होते. ब्रुनो वॉल्टर तापाने आजारी पडले आणि पंचवीस वर्षांचे साहाय्यक संचालक लिओनार्ड बर्नस्टीन एकाही तालमीशिवाय कार्नेगी हॉलच्या मंचावर उभे राहिले. कार्यक्रम रेडिओवरून देशभर ऐकला जात होता. तिथे संचालक बदलला, रचना मात्र त्याच राहिल्या. कारण वादकांनी वॉल्टर यांच्याबरोबर त्या आधीच बसवल्या होत्या. बर्नस्टीन यांची गुणवत्ता वादातीत आहे, पण त्या दिवशी तयार वाद्यवृंदाने त्यांना सांभाळून घेतले, हेही तितकेच खरे. जाणते कारभारी असलेल्या पेढीवर मालकाचा तरुण मुलगा पहिल्यांदा बसतो, तेव्हा याहून वेगळे काही घडत नाही.

मात्र अशा कथांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. प्रत्येक बदली संचालकातून मेहता किंवा बर्नस्टीन निघत नाही. बहुतेक वेळा मैफल नीटनेटकी होते, श्रोते समाधानाने घरी जातात आणि इतिहासात त्याची नोंद होत नाही. कधी ती फिकीही होते. शिवाय सगळे बदल सारखे नसतात. १९८४ साली मेहतांच्या नेतृत्वाखाली न्यूयॉर्क फिलहार्मोनिक आशियाच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा मलेशिया सरकारने अर्नेस्ट ब्लॉक यांची ‘शेलोमो’ ही रचना ज्यू वारशाशी निगडित म्हणून कार्यक्रमातून वगळायला सांगितली. अखेर वाद्यवृंदाने तेथील मुक्कामच रद्द केला. आजारपणामुळे रचना बदलणे आणि कोणाच्या तरी द्वेषाखातर ती वगळणे, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. म्हणून सूचना हाती आली की पहिला प्रश्न ‘काय बदलले’ हा नसावा, ‘का बदलले’ हा असावा. कारण प्रामाणिक असेल, वेळेवर कळवले असेल आणि पर्यायी कार्यक्रम तयारीनिशी दिला जात असेल, तर आयोजकाने आपला शब्द राखला असेच म्हणावे लागते. ठरलेला माल वाटेत अडकला असता जो व्यापारी आधी कळवतो आणि त्याच प्रतीचा दुसरा माल देऊ करतो, त्याच्याशी व्यवहार तुटत नाही, उलट घट्ट होतो.

आता त्या मुलीच्या अश्रूंकडे वळावे, कारण घरातील सर्वांत खरे दुःख तिचे आहे. तिने ऐकून ठेवलेला कॉन्चेर्टो वाया गेलेला नाही. तो तिच्या कानात आहे आणि पुढच्या एखाद्या हंगामात तो मंचावर येईलही. तोवर हाती असलेल्या आठ दिवसांत नव्या कार्यक्रमाची ओळख करून घेता येते. समजा, बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी आली आहे. सुमारे पस्तीस मिनिटांची ही रचना घरात दोनदा ऐकली तरी पुरे. मग मैफलीत एक गंमत मुलांना आपोआप दिसेल: मागच्या रांगेतील तीन ट्रॉम्बोनवादक पहिले तीन भाग वाद्य मांडीवर ठेवून स्वस्थ बसलेले असतात आणि चौथ्या भागातच प्रथम वाजवतात. समजा, द्वोर्झाकची नववी आली आहे, जी १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये प्रथम वाजली. तिच्या दुसऱ्या भागात ओबोच्या कुळातील कोर आंग्ले या वाद्यावर एक संथ धून येते; एकदा कानावर पडली की ती ओळखायला कोणाची मदत लागत नाही. नामांकित संचालक न आल्याने खट्टू झालेल्या वडीलधाऱ्यांनाही एक उद्योग आहे. त्याच सिम्फनीचे दोन वेगवेगळ्या संचालकांचे ध्वनिमुद्रण ऐकावे आणि घड्याळ लावावे. स्वर तेच असूनही मिनिटांचा फरक पडतो. संचालक म्हणजे काय, हे त्या फरकातून जितके कळते तितके नाव वाचून कळत नाही.

काही शिष्टाचारही घरीच सांगून ठेवावेत. सिम्फनीच्या दोन भागांमध्ये शांतता होते तेव्हा टाळ्या वाजवत नाहीत. शेवटचा भाग संपून संचालकाचे हात खाली येईपर्यंत थांबतात. उशीर झाल्यास वादन चालू असताना आत सोडत नाहीत, म्हणून अर्धा तास आधी पोहोचावे. पनवेलहून लोकलने निघणाऱ्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा सुमारे सव्वा तास आणि पुढचा टॅक्सीचा वेळ धरूनच निघावे. मोबाइल बंद ठेवणे हे तर सांगायलाच नको.

आणि आत गेल्यावर पहिली पाच मिनिटे लक्ष देऊन ऐकावीत. त्या वेळी संचालक मंचावर नसतो. वादकांचा अग्रणी व्हायोलिनवादक उभा राहतो, ओबोवादक एकच स्वर लांबवून धरतो, आणि तानपुऱ्याला गळा मिळवावा तसे सगळे त्या स्वराला आपापले वाद्य मिळवू लागतात. मूळ संचालक आले असते तरी त्या ओबोने हाच स्वर दिला असता. वाद्ये लागतात, सभागृह शांत होते, बाजूचे दार उघडते आणि ज्याचे नाव आठ दिवसांपूर्वी घरात कोणाला ठाऊक नव्हते, तो माणूस मंचावर येतो. त्याला त्या क्षणी सर्वांत जास्त गरज असते ती टाळ्यांची.