परक्या पडद्यासमोर

मराठी प्रवासवर्णन शिकवताना एक उणीव आम्हाला वारंवार जाणवते. संग्रहालये, चर्च, नाट्यगृहे यांना त्यात ऐसपैस जागा मिळते. चित्रपटगृहाची बोळवण मात्र बहुधा दोन-चार ओळींत होते. सिनेमा काय, इथेही पाहता येतो, त्यासाठी तिकडे वेळ कशाला दवडायचा, असा समज यामागे असावा. आमच्या मते हा समज उथळ आहे.

परदेशात जाऊन पाहण्याचे मोल आपल्या चित्रपटसृष्टीने फार लवकर ओळखले होते. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, तिथले तंत्र शिकून, कॅमेरा घेऊन परतले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींसाठी व्ही. शांताराम १९३३ साली जर्मनीला गेले. रंगांचा प्रयोग फसला. पण जवळून पाहिलेल्या जर्मन चित्रपटसृष्टीच्या छायाप्रकाशाची खूण ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) समीक्षकांना दिसली. सत्यजित राय १९५० साली नोकरीच्या कामासाठी लंडनला गेले, तेथील मुक्कामात त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यांतल्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ने त्यांचा चित्रपट काढण्याचा निश्चय पक्का केला.

आज ठाणे, डोंबिवली, कल्याणमधून परदेशी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. महाराष्ट्र मंडळाने एखाद्या रविवारी मराठी चित्रपटाचा खेळ लावला की ही मंडळी दूरवरून येतात. त्या गर्दीतल्या ओढीला आम्ही कमी लेखत नाही. पण तिथे माणूस आपलेच पाहायला जातो. त्या गावच्या प्रेक्षकांत बसून त्यांचा सिनेमा पाहणे ही निराळी गोष्ट आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला तिथे अधिक सापडेल असे आम्हाला वाटते.

एकच उदाहरण घेऊ. जर्मनीत हॉलिवूडचे चित्रपट सर्रास जर्मन बोलतात. मूळ भाषेतला खेळ हवा असेल तर तो शोधावा लागतो. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मोठ्यांचे चित्रपट मूळ भाषेतच चालतात आणि प्रेक्षक खालच्या ओळी वाचतो. म्हणजे परकी कलाकृती कानाने स्वीकारायची की डोळ्याने, याचा निर्णय प्रत्येक भाषिक समाजाने घेतलेला आहे. भाषांतरमीमांसेच्या तासाला आम्ही जे फळ्यावर मांडतो, ते तिथे तिकीटखिडकीवरच ठरते.

मग प्रश्न आपल्याकडे वळतो. ठाण्याच्या किंवा कल्याणच्या मल्टिप्लेक्समध्ये हॉलिवूडचा चित्रपट इंग्रजीत लागतो, हिंदीत लागतो, मराठीत क्वचितच. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८.३ कोटी आहेत. हंगेरीची लोकसंख्या एक कोटीच्या आत, तरी तिथे परभाषी चित्रपटांना हंगेरियन आवाज देण्याची जुनी परंपरा आहे. आपल्या प्रेक्षकाला हिंदी कळते, म्हणून व्यापाऱ्याला मराठीची गरज भासत नाही, हे कारण खरे आहे. अनुवादित चित्रपट आले तर मराठी चित्रपटांचे आधीच अपुरे पडणारे पडदे आणखी घटतील, ही भीतीही अनाठायी नाही. परंतु कारण समजले म्हणून प्रश्न मिटत नाही. भव्य, वैज्ञानिक, अद्भुत असे काही ऐकायचे असेल तर ते दुसऱ्या भाषेत, ही सवय एकदा कानाला लागली की आपल्या भाषेचे क्षेत्र घरगुती संवादापुरते आक्रसते. हे आक्रसणे आम्हाला वर्गात, विद्यार्थ्यांच्या शब्दसंग्रहात रोज दिसते.

म्हणून परदेशी असलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या चित्रपटगृहांविषयी मराठीत लिहावे. चित्रपटाचे कथानक सांगू नये, ते सर्वत्र मिळते. प्रेक्षक कुठे हसले, कोणत्या भाषेत हसले, आवाज मूळ नटाचा होता की उसना, तो उसना असल्याचे कुणाला खटकले का, हे लिहावे. आपल्या भाषेने कोणता मार्ग धरावा याचा विचार करताना अशा नोंदींचा उपयोग आमच्या अभ्यासक्रमातल्या कित्येक व्याख्यांपेक्षा अधिक होईल.