न वाचलेल्या कागदावर सही कशाला?

पोरानं कॉपी केल्याचा संशय आला की शाळा पालकांना बोलावते. मग आपल्याकडचे पालक काय करतात, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चपला बाहेर काढायच्या, मान खाली घालायची, "चुकलं सर, समजावतो त्याला" म्हणायचं आणि पुढं सरकवलेल्या कागदावर सही करायची. कागद कन्नडमध्ये असतो. सही करणाऱ्याला तो वाचताच येत नाही.

आमच्या गल्लीतल्या आठवीच्या पोराचं असंच झालं. कन्नडमध्ये कायम काठावर पास होणारा. सहामाहीला मार्क चांगले पडले, तेवढ्यावर संशय. चिठ्ठी सापडलेली नाही, शेजारच्याचा पेपर कुणी जुळवून बघितलेला नाही. तीन महिने तो शिकवणीला जात होता, ते विचारायला कुणाला सवड नव्हती. वडील गवंडी, अर्धा दिवस मोडून आलेले. त्यांनी मास्तरांसमोरच पोराच्या कानाखाली वाजवली आणि सही केली. कागद होता मुच्चळिके, म्हणजे आपला मुचलका. संशय शाळेचा, कबुली बापाची!

मार्क वाढले हा पुरावा कसा होतो? 2015 चा कायदा करून कन्नड सक्तीची केली, 2017-18 पासून पहिलीपासून लागू केली. आता मराठी पोरगं ती शिकलं तर ते चोर? आणि शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शाळेला मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी आहे. म्हणून ते काम आता बापाकडून करून घ्यायचं काय?

पालकांनी आधी पोराला घरी, शांतपणे विचारावं. मग शाळेत जाऊन पेपर दाखवा म्हणावं. संशय असेल तर आत्ता समोर बसवून तेच प्रश्न विचारा की! दहा मिनिटांत कळतं. बोर्डाच्या परीक्षेत तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्ससुद्धा मागता येते. तरी शाळा ऐकत नसेल तर बीईओंना अर्ज करा, आणि तो मराठीत करा. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत सरकारी अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या 350 व्या कलमात आहे. उत्तर मराठीतच मिळेल असं त्यात म्हटलेलं नाही, ती वेगळी लढाई. पण "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणून अर्ज परत करता येत नाही.

आता जे बऱ्याच जणांना आवडणार नाही ते. पोरानं खरंच कॉपी केली असेल तर लगेच चार कार्यकर्त्यांना फोन लावून शाळेसमोर घोषणा देऊ नका. प्रत्येक चिठ्ठीमागं सीमाप्रश्न नसतो. कॉपी केली तर तेवढ्या पेपराची शिक्षा घेऊ द्या, पुन्हा परीक्षेला बसू द्या. खोट्या प्रकरणात आपण एकदा ओरडलो की खऱ्या प्रकरणात आपलं कोण ऐकणार?

आणि हे वाचणाऱ्या तुम्हा-आम्हाला कन्नड वाचता येतं. सक्तीनं का होईना, शिकलोय. गल्लीत कुणाच्या घरी शाळेतून बोलावणं आलं तर काका-मावशींना एकटं पाठवू नका. सोबत जा, कागद मोठ्यानं वाचून त्यांना मराठीत सांगा, आणि त्याचा फोटो काढून ठेवा. सही त्यानंतर.